बोमनचा जंबो बॉक्स: फोडण्याआधी आणि फोडल्यानंतर

नफ्यासाठी बोमनचा बॉक्स, म्हणजे बेसबॉल कार्डांच्या पाकिटांचा सीलबंद खोका, घ्यायचा विचार असेल तर घेऊ नका, हे आधीच सांगतो. बेसबॉलमधल्या उगवत्या खेळाडूंच्या कार्डांत याच्या तोडीचं दुसरं उत्पादन नाही. तरीही सीलबंद बॉक्सला मोजलेले पैसे आतल्या कार्डांतून पूर्ण परत येणं अपवादानेच घडतं. पण बॉक्स फोडण्यात खरी मजा आहे आणि ज्याला फोडायचाच आहे त्याच्यासाठी हे लिहितो आहे. पाकिटातून निघालेलं कार्ड पहिल्या दहा मिनिटांत कसं हाताळलं आणि पुढच्या दोन आठवड्यांत कसं विकलं, यावर खर्चातला किती भाग परत येतो हे ठरतं. आत काय निघेल ते आपल्या हातात नसतं, पण ही दोन कामं पूर्णपणे आपल्या हातात असतात.

बोमन हे नाव जुनं. या कंपनीने १९४८ मध्ये बेसबॉल कार्डं काढायला सुरुवात केली. मिकी मँटलचं १९५१ चं प्रसिद्ध रुकी (नवोदित खेळाडूचं पहिलं) कार्ड तिचंच. १९५६ मध्ये टॉप्सने ही प्रतिस्पर्धी कंपनी विकत घेतली, नाव बासनात बांधून ठेवलं आणि १९८९ मध्ये पुन्हा बाहेर काढलं. टॉप्स स्वतः २०२२ पासून फॅनॅटिक्सच्या मालकीची आहे. आजच्या बाजाराचा पाया मात्र २००६ च्या नियमात आहे. खेळाडू मेजर लीगमध्ये, म्हणजे बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत, पोहोचल्याशिवाय त्याच्या कार्डावर रुकीचं चिन्ह लावायचं नाही, असं तेव्हा ठरलं. त्यामुळे मायनर लीगमधल्या, म्हणजे खालच्या पातळीवर तयार होणाऱ्या, पोरांची कार्डं बोमनमध्ये मुख्य संचाबाहेर, वेगळ्या क्रमांकांनी येतात. कागदी कार्डांच्या क्रमांकाआधी बीपी, क्रोमच्या (चकचकीत प्लास्टिक थराच्या कार्डांच्या) आधी बीसीपी आणि सहीच्या क्रोम कार्डांवर सीपीए व पुढे खेळाडूच्या नावाची आद्याक्षरं. बोमनमधलं त्या खेळाडूचं ते पहिलंच कार्ड असेल तर त्यावर 'फर्स्ट'चा छोटा शिक्का असतो. सगळा बाजार या शिक्क्याभोवती फिरतो. पुढे निघणाऱ्या रुकी कार्डापेक्षाही 'फर्स्ट बोमन क्रोम ऑटो'ला (ऑटो म्हणजे सही) सहसा जास्त भाव येतो.

इथे नवख्या माणसाची एक फसगत ठरलेली आहे. 'बोमन फर्स्ट एडिशन' नावाचं वेगळं उत्पादन आहे आणि त्यातली कार्डं कागदी असतात. त्यावरच्या 'फर्स्ट एडिशन' या छापाचा आणि वर सांगितलेल्या 'फर्स्ट' शिक्क्याचा अर्थ एक नाही. विकणारा मथळ्यात दोन्हींची सरमिसळ करतो, कधी अज्ञानाने, कधी जाणूनबुजून. विकत घेताना कार्डाच्या मागचा क्रमांक वाचा. तो बीसीपीने किंवा सीपीएने (बोमन ड्राफ्टमध्ये बीडीसी किंवा सीडीएने) सुरू होत नसेल तर तुम्ही क्रोमचा भाव देऊ नका.

मायनर लीगचा खेळाडू म्हणजे गाजराची पुंगी, वाजली तर वाजली नाहीतर मोडून खाल्ली. जॅसन डोमिंगेझला यँकीज संघाने २०१९ मध्ये ५१ लाख डॉलर देऊन करारबद्ध केलं आणि २०२० च्या बोमनमध्ये त्याचं पहिलं कार्ड आलं तेव्हा बॉक्सच्या किमती त्याच्या एकट्याच्या नावावर चढल्या. तो मेजर लीगमध्ये उतरला १ सप्टेंबर २०२३ रोजी. पहिल्याच फटकेबाजीला जस्टिन व्हरलँडरच्या चेंडूवर होम रन मारली आणि आठ सामन्यांनंतर कोपराच्या शस्त्रक्रियेसाठी बाहेर गेला. उलट एली डे ला क्रुझला रेड्सनी २०१८ मध्ये फक्त ६५ हजार डॉलरला घेतलं होतं. माइक ट्राउट २००९ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पंचविसावा निवडला गेला. त्याच वर्षीच्या बोमन ड्राफ्टमधलं त्याचं एकच प्रत छापलेलं 'सुपरफ्रॅक्टर' ऑटो कार्ड ऑगस्ट २०२० मध्ये सुमारे ३९ लाख डॉलरला विकलं गेलं. आणि १९९१ मध्ये सगळ्यांच्या आधी निवडला गेलेला ब्रायन टेलर मेजर लीगपर्यंत पोहोचलाच नाही. विकणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच: पोरगा चमकेल म्हणून कार्ड धरून बसणं हा वेगळा खेळ आहे. बॉक्सचे पैसे सोडवायचे असतील तर आशा ताजी असतानाच विकावं लागतं.

कोणता बॉक्स

वर्षात तीन मोठी उत्पादनं येतात. वसंतात साधं बोमन, त्यानंतर बोमन क्रोम आणि वर्षअखेरीच्या सुमारास बोमन ड्राफ्ट. साध्या बोमनमध्ये लॅटिन अमेरिकेतून नुकतेच करारबद्ध झालेले कोवळे खेळाडू भरपूर असतात. ड्राफ्टमध्ये त्याच उन्हाळ्यात निवडले गेलेले कॉलेज आणि हायस्कूलचे खेळाडू. कॉलेजचा खेळाडू दोन वर्षांत वर येऊ शकतो, सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला पाच-सहा वर्षं लागतात. लवकर विकणाऱ्याला हा फरक फारसा जाणवत नाही, कार्ड ठेवणाऱ्याने मात्र बॉक्स निवडतानाच लक्षात घ्यावा.

साध्या बोमनच्या हॉबी बॉक्समध्ये एक सही मिळते, जंबोमध्ये तीन. जंबोत १२ पाकिटं आणि प्रत्येकात ३२ कार्डं, म्हणजे जवळपास ३८४ कार्डं हातात पडतात. रचना वर्षागणिक बदलते, म्हणून पैसे भरण्याआधी बॉक्सच्या बाजूला छापलेला मजकूर वाचाच. दर सहीमागे किती डॉलर पडतात हा हिशेब केला तर बहुतेक वर्षी जंबो स्वस्त पडतो. मला जंबोच योग्य वाटतो. टार्गेट, वॉलमार्टमधले ब्लास्टर आणि मेगा बॉक्स मुलांना द्यायला छान आहेत आणि मेगामधली मोजो रिफ्रॅक्टर (इंद्रधनुषी चमकीची कार्डं) दिसायला देखणी असतात. पण त्यात सही निघण्याची शक्यता फार कमी, त्यामुळे विकण्यासाठी ते फोडू नयेत. सुटी पाकिटं कुणाकडूनही घेऊ नका. बॉक्समधली मोठी सही निघून गेल्यावर उरलेली पाकिटं विकायला काढणं या धंद्यात नवीन नाही.

ग्रुप ब्रेक म्हणजे एकाच बॉक्सवर अनेकांनी संघ वाटून घेणं. एखाद्याच खेळाडूच्या मागे असाल तर ते बरं पडतं. पण सगळ्या संघांच्या किमतींची बेरीज करून बघा. ती बॉक्सच्या किमतीपेक्षा जास्त येते, कारण ब्रेक करणाऱ्याची मजुरी आणि नफा त्यात असतो. शिवाय ज्या संघात त्या वर्षीचा गाजलेला खेळाडू आहे त्याचा भाव आधीच चढवलेला असतो. विकून पैसे काढायला ही वाट फारशी उपयोगाची नाही.

आता हिशेब. समजा जंबो ५०० डॉलरला पडला. तीन सह्यांपैकी तिन्ही सामान्य खेळाडूंच्या, बिनक्रमांकाच्या (प्रतींचा आकडा न छापलेल्या) निघाल्या, आणि बहुतेक बॉक्समध्ये असंच होतं, तर प्रत्येकी दहा-बारा डॉलर धरा. दोन-तीन क्रमांकित रंगीत कार्डांचे मिळून वीस-पंचवीस. क्रोमच्या फर्स्ट कार्डांच्या गठ्ठ्याचे आणखी तेवढेच. फी आणि टपाल वजा करता हातात पन्नास-साठ डॉलर येतील. उरलेली रक्कम तुम्ही दोन तासांच्या मजेसाठी मोजली असं मनाशी पक्कं ठरवूनच पहिलं पाकीट उचला. एखाद्या बॉक्समध्ये आघाडीच्या खेळाडूची सोनेरी सही निघते आणि सगळं फिटून वर उरतं. तशा बॉक्सच्या चित्रफिती सगळीकडे दिसतात, बाकीच्यांच्या कुणी टाकत नाही.

रंग आणि आकडे

क्रोम ऑटोत सर्वात खाली असतं बिनक्रमांकाचं साधं कार्ड. त्यावर ४९९ प्रतींचं रिफ्रॅक्टर, स्पेकल २९९, जांभळं २५०, निळं १५०, हिरवं ९९, पिवळं ७५, सोनेरी ५०, नारिंगी २५, लाल ५ आणि शेवटी एकच प्रत असलेलं सुपरफ्रॅक्टर. अधूनमधून इतर नमुनेही येतात, पण शिडीचा सांगाडा हाच. सही थेट कार्डावर केलेली असते, चिकटपट्टीवर नसते, आणि हे या उत्पादनाचं मोठं बलस्थान आहे.

साधं क्रोम आणि साधं रिफ्रॅक्टर यांत फसणारे खूप. कार्ड दिव्याखाली धरून हळूच तिरपं करा. साधं क्रोम आरशासारखं राखाडी चमकतं. रिफ्रॅक्टरवर तेलाच्या तवंगासारखे इंद्रधनुषी पट्टे सरकतात. शंका राहिली तर मागच्या बाजूला बघा. रिफ्रॅक्टर असेल तर बहुतेक वेळा तसं छापलेलं असतं किंवा क्रमांकाचा शिक्का असतो.

दोन गोष्टींना जास्तीचे पैसे मिळतात आणि नवखे विक्रेते त्या सोडून देतात. एक म्हणजे संघाच्या रंगाचं कार्ड: ओरिओल्स किंवा जायंट्सचं नारिंगी, डॉजर्सचं निळं, कार्डिनल्सचं लाल. दुसरं म्हणजे क्रमांकाचा योग: खेळाडूच्या जर्सीचा आकडा आणि कार्डाचा प्रत-क्रमांक जुळला, किंवा पहिला अथवा शेवटचा क्रमांक आला. मथळ्यात हे स्पष्ट लिहा.

रिडेम्प्शन कार्ड, म्हणजे सहीचं कार्ड नंतर मिळण्याची चिठ्ठी, निघालं तर त्यावरचा सांकेतिक क्रमांक मुदतीच्या आत कंपनीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. खेळाडूने सही करून पाठवेपर्यंत महिने जातात, काही वेळा सही येतच नाही आणि बदल्यात दुसरं काही मिळतं. म्हणून न वापरलेलं रिडेम्प्शन त्याच खेळाडूच्या हातातल्या कार्डापेक्षा कमी भावाने जातं. खेळाडू गाजत असेल तर मी रिडेम्प्शन विकून मोकळं व्हा असंच म्हणेन.

फोडताना

सामान आधी आणून ठेवा: दोनशे पेनी स्लीव्ह (पातळ प्लास्टिकच्या पिशव्या), ३५ पॉइंट जाडीचे पंचवीस टॉप लोडर (कडक प्लास्टिकची पाकिटं), दहा-पंधरा कार्ड सेव्हर (अर्धवट लवचिक पाकिटं) आणि एक मऊ, स्वच्छ चटई. हात साबणाने धुवून पूर्ण कोरडे करा. क्रीम लावलेलं असेल तर फोडायला बसूच नका. क्रोमवर बोटाचा ठसा पडला की ग्रेडिंगवाल्याच्या (कार्डाची अवस्था तपासून दहापैकी गुण देणाऱ्याच्या) दिव्याखाली तो उठून दिसतो.

पाकिटाच्या मागची उभी शिवण दोन्ही अंगठ्यांनी बाहेरच्या बाजूला ओढा. वरची दातेरी पट्टी टरकन फाडली की आतल्या पहिल्या कार्डाचा कोपरा पट्टीबरोबर ओढला जातो. कात्री तर नकोच. जंबो पाकिटातला गठ्ठा जाड असतो, तो पत्त्यांसारखा पंख्यात उघडू नका. कार्ड कार्डावर घासलं की क्रोमवर केसासारखे ओरखडे येतात. गठ्ठा चटईवर आडवा ठेवा आणि वरचं कार्ड दोन्ही कडांना धरून सरळ वर उचला. क्रोम कार्डं गठ्ठ्यात बहुतेक एकत्रच असतात. ती सुरू झाली की वेग कमी करा.

स्लीव्हमध्ये घालताना सर्वात जास्त कोपरे मोडतात. स्लीव्हच्या तोंडाचा एक कोपरा कात्रीने थोडा तिरपा छाटून घ्या, म्हणजे कार्ड आत शिरताना अडकत नाही. स्लीव्ह दोन बोटांत किंचित दाबली की तोंड उघडतं. त्यात कार्ड खालच्या कडेने अलगद सोडा, ढकलू नका. नंतर टॉप लोडर. ज्यावर सही आहे, ज्यावर क्रमांक आहे आणि ज्यावर फर्स्टचा शिक्का आहे, अशी तीनच प्रकारची कार्डं लगेच स्लीव्हमध्ये जातील. बाकीची नंतर.

क्रोम कार्ड धनुष्यासारखं वाकतं आणि लोक घाबरतात. मागचा कागदी थर हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, पुढचा प्लास्टिकचा थर नाही, म्हणून ते वाकतं. कार्ड सेव्हरमध्ये घालून सपाट वजनाखाली काही दिवस कोरड्या, थंड खोलीत ठेवलं तर बरंच सरळ होतं. उष्णता देऊ नका, ओलं फडकं लावू नका. सहीवरून कापड फिरवायचं तर मुळीच नाही. शाई पुसट झाली की कार्डाची किंमतही गेली.

ग्रेडिंगला पाठवायचं का

सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात, म्हणून जरा थांबून बघू.

पीएसए या ग्रेडिंग कंपनीकडून १० मिळायचं तर पुढच्या बाजूच्या डाव्या-उजव्या आणि वरच्या-खालच्या कडेची रुंदी साधारण ५५ विरुद्ध ४५ च्या आत हवी, मागच्या बाजूला ७५ विरुद्ध २५ पर्यंत चालतं. हे घरी मोजता येतं. कार्ड स्लीव्हमध्येच ठेवून वरून सरळ फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून दोन्ही कडा मोजा. डावी ११ आणि उजवी ९ असेल तर ५५ : ४५, म्हणजे अगदी सीमेवर. बोमनच्या अनेक वर्षांच्या आराखड्यात स्पष्ट चौकटच नसते, तेव्हा मागच्या बाजूच्या चौकटीवरून आणि पुढच्या नावाच्या पट्टीवरून अंदाज घ्यावा लागतो.

मध्यसाधणी (छाप कार्डाच्या मध्यावर आहे का) तपासून झाली की पृष्ठभाग. खोली अंधारी करा, टॉर्च कार्डाच्या पातळीत जवळजवळ आडवा धरा आणि कार्ड सावकाश फिरवा. तीन दोष शोधायचे. छपाईच्या रेषा: वरून खाली जाणारी सरळ, बारीक रेघ, छापखान्यातूनच आलेली. खळगे: टाचणीच्या टोकाएवढे, सरळ बघताना दिसत नाहीत, आडव्या उजेडात लगेच दिसतात. आणि ओरखडे, जे बहुतेक वेळा आपणच पाडलेले असतात. मग दहापट भिंगाने चारही कोपरे आणि कडा. कडेवर पांढरा ठिपका दिसला तर १० विसरा. पुसून जाणारा दोष एकच, धूळ किंवा ठसा. तो कोरड्या मायक्रोफायबरने, दाब न देता, सहीपासून लांब राहून.

आता आकडे. समजा कार्ड कच्चं, म्हणजे ग्रेड न करता, ६० डॉलरला जातं, पीएसए १० चं १५० ला आणि पीएसए ९ चं ५५ ला. ग्रेडिंग, टपाल आणि विमा मिळून ३३ डॉलर धरा, विक्रीची फी सव्वातेरा टक्के. कच्चं विकलं तर हातात सुमारे ५२ उरतात. ग्रेड करून तेवढेच उरायला १० मिळण्याची शक्यता ४५ टक्क्यांच्या वर असायला हवी. तीही ९ च्या खाली काहीच येणार नाही असं गृहीत धरून. त्यात कार्ड महिनोन् महिने अडकून पडणार आणि तोवर पोरगा जखमी झाला तर भाव निम्मा. नऊ मिळालेलं कार्ड कच्च्यापेक्षाही स्वस्त जातं हे या हिशेबात सर्वात जास्त बोचतं, आणि अनेकांना ते कार्ड परत आल्यावरच कळतं. म्हणून पाठवा तेच, जे भिंगाखाली निर्दोष आहे आणि ज्याच्या १० ला कच्च्याच्या किमान अडीचपट भाव आहे. हे १० चे भाव बघताना पीएसएचा पॉप्युलेशन अहवालही (कोणत्या कार्डाला कोणता गुण किती वेळा मिळाला ते) बघा. दहांची संख्या हजारांत असेल तर तो भाव टिकणार नाही.

पाठवताना पेनी स्लीव्हला छोटी ओढपट्टी लावून कार्ड सेव्हर एकमध्ये घाला. कडक टॉप लोडर त्यांना नको असतात. घोषित किंमत खरी लिहा. ग्रेड झालेल्या कार्डाची किंमत त्या श्रेणीच्या वर गेली तर फरक नंतर आकारला जातो. बेकेट या दुसऱ्या ग्रेडिंग कंपनीचं वेगळेपण म्हणजे चार उपगुण छापले जातात. सहीच्या कार्डांना त्यांचाही गिऱ्हाईक आहे, तरी सध्या नुसत्या विक्रीसाठी पीएसएचा वेग आणि मागणी पुढे आहे.

विकताना

भाव शोधायचा तो विकल्या गेलेल्या वस्तूंच्या यादीतून. विक्रीला लावलेल्या वस्तूंची यादी म्हणजे नुसत्या अपेक्षा. ईबेवर 'सोल्ड आयटम्स' ही गाळणी लावा, त्याच रंगाचं, त्याच वर्षाचं कार्ड शोधा आणि सर्वात ताजे तीन सौदे बघा. 'बेस्ट ऑफर'ने झालेल्या सौद्यात दिसणारी किंमत खरी नसते. खरा आकडा १३० पॉइंट या संकेतस्थळावर मिळतो. महिन्याभरापूर्वीचा भाव या बाजारात इतिहास असतो.

वेळ महत्त्वाची. उत्पादन बाजारात आल्यानंतर पहिला आठवडा-दीड आठवडा भाव सर्वात वर असतात, कारण कार्डं थोडी आणि हावरे जास्त. मग प्रत्येक जण फोडत जातो, माल वाढतो आणि सामान्य सह्या वीस डॉलरवरून आठवर येतात. म्हणून साधे ऑटो, साधे रिफ्रॅक्टर आणि गाजलेल्या खेळाडूंची बिनसहीची रंगीत कार्डं पहिल्या तीन दिवसांत लावा. बॉक्स आधी मागवून ठेवला आणि तो प्रकाशनाच्या दिवशीच घरी आला, तरच हे जमतं. उशिरा मिळणारा बॉक्स दहा डॉलरने स्वस्त असला तरी महागच. सोनेरी, नारिंगी, लाल अशी दुर्मीळ कार्डं घाईत लिलावाला टाकू नयेत. ती ठरलेल्या किमतीला, ऑफर स्वीकारत, थोडा धीर धरून विकावीत. मेजर लीगमध्ये बढती मिळणार अशी चर्चा सुरू झाली की भाव चढतात. प्रत्यक्ष उतरल्यावर पहिल्या आठवड्यात तीनच फटके लागले तर तेच भाव उतरतात. चर्चेच्या दिवसांत विकणारा सहसा फायद्यात राहतो.

मथळ्याला ८० अक्षरांची मर्यादा आहे. वर्ष, बोमन क्रोम, खेळाडूचं पूर्ण नाव, फर्स्ट, रंग, क्रमांक, ऑटो, संघ, या क्रमाने भरा. 'अप्रतिम', 'बघाच' यात अक्षरं घालवू नका, ते शब्द कुणी शोधत नाही. फोटोत पुढची बाजू, मागची बाजू, क्रमांकाचा शिक्का जवळून आणि चारही कोपरे. स्कॅनरवर रिफ्रॅक्टर मेलेलं दिसतं. खिडकीच्या उजेडात किंचित तिरपा काढलेला मोबाईलचा फोटो जास्त खरा असतो. दोष असेल तर त्याचाही जवळून फोटो टाका. तो लपवला की परतीचा दावा ठरलेला.

फीची बाब नीट समजून घ्या. कार्डांच्या विभागात ईबे सुमारे सव्वातेरा टक्के घेते, वर प्रत्येक ऑर्डरमागे दहा डॉलरपर्यंत तीस सेंट आणि त्यावर चाळीस. हे दर बदलत असतात. टक्केवारी लागते ती गिऱ्हाइकाने भरलेल्या एकूण रकमेवर, टपालखर्च आणि सेल्स टॅक्स धरून. १०० डॉलरचं कार्ड, ५ डॉलर टपाल आणि समजा ८ डॉलर कर, म्हणजे ११३ वर फी: १४.९७ अधिक ०.४०. टपालाचे खरे ५ आणि पॅकिंगचे पाऊण डॉलर गेल्यावर हातात साधारण ८४ राहतात. पाच डॉलरखालच्या कार्डावर मेहनत आणि कमाई यांचा मेळच बसत नाही. तशी कार्डं एकाच संघाची किंवा एकाच खेळाडूची मिळून गठ्ठ्याने विका.

वीस डॉलरपर्यंतचं कार्ड ईबे स्टँडर्ड एन्व्हलपने, म्हणजे साध्या पाकिटातून पण माग ठेवता येईल असं जातं. पाकीट पाव इंचापेक्षा जाड नको. त्यावरचं सगळं बबल मेलरमध्ये. यूएसपीएसच्या (अमेरिकी टपाल खात्याच्या) ग्राउंड अॅडव्हान्टेजमध्ये शंभर डॉलरचा विमा आपोआप येतो, त्याहून महाग असेल तर जास्तीचा घ्या. अडीचशे डॉलरच्या वरची बहुतेक कार्डं आधी ईबेच्या तपासणी केंद्रात जातात आणि तिथून गिऱ्हाइकाकडे. विक्रेत्याला हे सोयीचंच आहे, कार्ड बदलून परत पाठवायची लबाडी त्यात चालत नाही.

बांधायची पद्धत: स्लीव्ह, टॉप लोडर, तोंडावर निळी रंगकामाची चिकटपट्टी आणि तिचं टोक दुमडलेलं, मग टीम बॅग (चिकट तोंडाची पारदर्शक पिशवी), दोन्ही बाजूंनी पुठ्ठा, मग मेलर. पारदर्शक चिकटपट्टी टॉप लोडरवर कधीच लावू नका. ती काढताना गिऱ्हाइकाचं नख किंवा चाकू कार्डावर जातो आणि दोष तुमच्या माथी येतो. महाग कार्ड बांधताना क्रमांक दिसेल असं छोटं चित्रण करून ठेवा.

लावणं, बांधणं, पाठवणं यांचा कंटाळा असेल तर सीओएमसीसारखी सेवा आहे. गठ्ठा पाठवला की ते स्कॅन करतात, साठवतात आणि तुम्ही फक्त भाव ठरवता. दोन-पाच डॉलरच्या फर्स्ट क्रोमसाठी हे चांगलं आहे, कारण तिथे गिऱ्हाईक अनेक विक्रेत्यांची कार्डं एकाच टपालात मागवतं. गरम माल मात्र तिथे पाठवू नका, नोंदणी होईपर्यंत तो गार होतो.

कराबद्दल थोडक्यात. ईबेकडून १०९९-के हे कराचं पत्र अमेरिकेच्या केंद्रीय नियमाने २० हजार डॉलर आणि २०० व्यवहार ओलांडल्यावर येतं, काही राज्यांत त्याआधीही, पण नफा त्याआधीही करपात्र असतो. बॉक्सची पावती, ग्रेडिंगचं बिल आणि टपालाचा खर्च पहिल्या दिवसापासून एका तक्त्यात नोंदवा.

राहिली शेवटी तीनशे-साडेतीनशे कार्डं. कागदी बेस कार्डांना जवळपास भाव नाही, ती संघवार गठ्ठे करून पाच-सात डॉलरला विका किंवा शाळेतल्या मुलांना वाटा. बीसीपीतली फर्स्ट कार्डं मात्र वेगळी काढा, स्लीव्हमध्ये घाला आणि आडनावाच्या क्रमाने एका लांब पुठ्ठ्याच्या डब्यात लावा. आज ती प्रत्येकी पन्नास सेंटलाही जात नाहीत. तीन वर्षांनी त्यातला एखादा अचानक वर येतो आणि पहिल्या दोन दिवसांत त्याच साध्या क्रोमला आठ-दहा डॉलर मिळून जातात. डब्यावर बाहेरून वर्ष आणि उत्पादनाचं नाव जाड पेनाने लिहा, म्हणजे बातमी आल्यावर कार्ड पाच मिनिटांत हाताला लागेल.